रांगेत नाव नसलेली माणसे

(हीरक महोत्सवी वर्षातील पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



जबलपूरहून समुद्र फार दूर आहे. भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमधून वाट काढणारी नर्मदा पश्चिमेकडे शेकडो किलोमीटर वाहत जाते आणि भरूच ओलांडून खंबातच्या आखाताला मिळते. नदीचे पाणी समुद्रापर्यंत जाते, नदीकाठच्या माणसाची नजर मात्र क्वचितच तिथवर पोहोचते. तेव्हा नर्मदाकाठच्या एका मराठी शाळेच्या हीरक महोत्सवात जहाजांवरील नाविकांच्या लसीकरणाचा विषय कशासाठी, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे.

या प्रश्नाचे उत्तर दोन तारखांत सापडते. मार्च १८७० मध्ये मुंबईहून आलेला लोहमार्ग आणि कलकत्त्याकडून आलेला लोहमार्ग जबलपुरात एकमेकांना जोडले गेले. त्या दिवसापासून मुंबई बंदरात उतरलेली विलायतेची टपाल, माल आणि माणसे या शहरावरून पूर्वेकडे जाऊ लागली. समुद्रापासून दूर असलेले हे गाव बंदराच्या वाटेवरचे गाव झाले. दुसरी तारीख श्रोत्यांपैकी बहुतेकांना स्मरत असेल. २० मार्च २०२० रोजी मध्य प्रदेशातील कोविडचे पहिले चार रुग्ण जबलपुरातच आढळले. त्यांच्यापैकी तिघे दुबईहून आणि एक जर्मनीहून परतलेला होता. दूरदेशी निघालेली साथ या राज्यात शिरली ती या शहराच्या दारातून. दूरचे जग म्हणून काही नसते, हे जबलपूरने त्या आठवड्यात अनुभवले.

पुढचे काही महिने घराघरांत एकच चिंता होती. किराणा मिळेल का? औषधे मिळतील का? गॅसची टाकी वेळेवर येईल का? टाळेबंदीच्या काळातही या गोष्टी बव्हंशी मिळत राहिल्या. पामतेल इंडोनेशिया आणि मलेशियाहून येत राहिले, तूरडाळ म्यानमार आणि मोझांबिकहून येत राहिली, कच्चे तेल आणि स्वयंपाकाचा गॅस आखाती देशांतून येत राहिला. भारताच्या परदेशी व्यापारापैकी वजनाच्या हिशेबाने सुमारे ९५ टक्के माल समुद्रमार्गे येतो-जातो. प्रवासी विमाने जमिनीवर उभी होती, प्रवासी आगगाड्या थांबल्या होत्या, जहाजे मात्र थांबली नाहीत. थांबली असती तर त्या दिवसांची गोष्ट निराळी झाली असती.

ही जहाजे चालवणारी माणसे कोण? जगभरात व्यापारी जहाजांवर काम करणाऱ्या नाविकांची संख्या सुमारे १९ लाख आहे. त्यांत भारतीय दोन लाखांहून अधिक, म्हणजे ढोबळमानाने दर दहा नाविकांमागे एक भारतीय. मराठी मुलखाशी त्यांचे नाते जुने आहे. रत्नागिरीच्या खाड्यांमधून पिढ्यान्‌पिढ्या खलाशी, तांडेल आणि सारंग निघाले. आगबोटींच्या काळात बॉयलरपुढे कोळसा ओढणाऱ्यांमध्ये आणि डेकवर राबणाऱ्यांमध्ये कोकणी मुसलमानांचा मोठा भरणा होता. गोव्याच्या गावागावांतून आचारी आणि स्टुअर्ड बोटींवर गेले आणि मुंबईच्या धोबीतलाव भागात गावाच्या नावाने चालणाऱ्या ‘कूड’ या वसतिगृहांत त्यांनी दोन सफरींमधले दिवस काढले. ५ एप्रिल १९१९ रोजी सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. त्या सफरीच्या स्मरणार्थ ५ एप्रिल हा राष्ट्रीय नौवहन दिन म्हणून पाळला जातो. अलीकडच्या काळात मात्र नाविक केवळ किनाऱ्यावरून येत नाहीत. विदर्भातून, मध्य प्रदेशातून, बिहार-उत्तर प्रदेशातून मुले मर्चंट नेव्हीत जातात. ज्यांनी कधी समुद्र पाहिलेला नसतो अशा घरांतील मुले जहाजावर चढतात. म्हणूनही हा विषय या सभागृहाला परका नाही.

नाविकाच्या नोकरीचे स्वरूप समजून घेतल्याशिवाय त्याच्या लसीचा प्रश्न समजत नाही. सरकारी किंवा बँकेच्या नोकरीसारखी ही नोकरी बारमाही नसते. बहुतेकांचे काम करारावर चालते. सहा ते नऊ महिने जहाजावर, नंतर काही महिने घरी, मग पुन्हा नवा करार. बहुसंख्य नाविकांना घरी असतानाच्या दिवसांचे वेतन मिळत नाही. जहाजावर वीस-पंचवीस माणसे असतात. शंभरापेक्षा कमी माणसे असलेल्या मालवाहू जहाजावर डॉक्टर असणे बंधनकारक नसते. प्रशिक्षण घेतलेला एखादा अधिकारी औषधांची पेटी सांभाळतो आणि अडचण आली की किनाऱ्यावरील डॉक्टरांचा सल्ला रेडिओ वा उपग्रह दूरध्वनीवरून घेतो. अशा ठिकाणी एकाला संसर्ग झाला की अंतर राखायला जागा नसते, रुग्णालय चार-पाच दिवसांच्या अंतरावर असते आणि आजारी माणसाची पाळी करायला बदली माणूसही नसतो.

२०२० साली जगातल्या जवळजवळ प्रत्येक बंदराने माल स्वीकारला, पण माणसे उतरवून घ्यायला नकार दिला. करार संपले तरी नाविकांना घरी जाता येईना आणि त्यांच्या जागी जाणारे घरातच अडकून पडले. त्या वर्षाच्या उत्तरार्धात आंतरराष्ट्रीय संघटनांच्या अंदाजाप्रमाणे सुमारे चार लाख नाविक करार संपूनही जहाजांवर होते. सागरी कामगार करारानुसार, जो भारतानेही २०१५ मध्ये स्वीकारला आहे, कोणाही नाविकाला सलग बारा महिने वा त्याहून अधिक काळ जहाजावर ठेवता येत नाही. त्या वर्षी हा नियम हजारो जहाजांवर मोडला गेला.

यातील दोन जहाजे भारतीय वृत्तपत्रांत गाजली. ऑस्ट्रेलियाचा कोळसा घेऊन निघालेले ‘जग आनंद’ जून २०२० पासून चीनच्या जिंगतांग बंदराबाहेर नांगर टाकून उभे होते. त्यावर २३ भारतीय होते. ‘अनास्तासिया’ सप्टेंबरपासून काओफेदियानबाहेर उभे होते, त्यावर १६ भारतीय होते. माल उतरवून घेतला जाईना आणि माणसे बदलू दिली जाईनात. दूतावासांच्या वाटाघाटी, कुटुंबीयांच्या विनवण्या आणि संघटनांची धडपड यांत महिने गेले. अखेर ‘जग आनंद’ जपानकडे वळले आणि जानेवारी २०२१ मध्ये त्यावरील माणसे घरी आली. ‘अनास्तासिया’वरील माणसे फेब्रुवारीत परतली. १ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव करून सर्व देशांना आवाहन केले होते की, नाविकांना अत्यावश्यक कर्मचारी मानावे. ठराव झाला, पण प्रत्येक बंदराचे दार आपापल्या कुलपानेच उघडत राहिले.

मग लस आली. १६ जानेवारी २०२१ रोजी भारतात लसीकरण सुरू झाले आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेल्या कोव्हिशील्डचे खोके देशभर रवाना झाले. आधी आरोग्य कर्मचारी, मग २ फेब्रुवारीपासून पोलीस, सफाई कामगार, महसूल कर्मचारी असे आघाडीवरचे लोक. १ मार्चपासून साठीच्या पुढचे आणि सहव्याधी असलेले, १ एप्रिलपासून पंचेचाळीसच्या पुढचे सर्व आणि १ मेपासून अठराच्या पुढचे सर्व. ही उतरंड तर्काला धरून होती. ज्याला धोका अधिक त्याला लस आधी, हे तत्त्व कोणालाही पटावे असेच आहे. पण आघाडीवरच्या लोकांच्या राष्ट्रीय यादीत नाविकांचा स्वतंत्र उल्लेख नव्हता. बहुतेक नाविक पंचेचाळीसच्या आतले, धडधाकट तरुण. त्यामुळे वयाच्या हिशेबानेही ते शेवटच्या गटात पडले. आणि जे त्या वेळी समुद्रावर होते ते कोणत्याच गटात पडले नाहीत, कारण सारी व्यवस्था राहत्या ठिकाणच्या केंद्रावर उभी होती.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घ्यायला हवा. एप्रिल आणि मे २०२१ मध्ये या देशात प्राणवायूसाठी रांगा लागल्या होत्या. जबलपुरातही असे घर विरळाच असेल, ज्याने त्या दिवसांत जवळचे कोणी गमावले नाही किंवा गमावण्याची भीती अनुभवली नाही. लशीची टंचाई होती. अशा वेळी पंचवीस वर्षांच्या निरोगी नाविकाला पन्नाशीच्या मधुमेही गृहिणीच्या आधी लस देणे न्याय्य ठरले असते काय? हा प्रश्न टाळून नाविकांची बाजू मांडणे योग्य नाही.

उत्तर असे की, नाविकांची मागणी रांगेत सर्वांच्या पुढे उभे राहण्याची नव्हतीच. रांगेत आपले नाव असावे आणि आपल्या कामाच्या घडणीला जुळेल अशा रीतीने ती रांग चालावी, एवढीच ती मागणी होती. मार्च २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, आंतरराष्ट्रीय सागरी संघटना, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि इतर संस्थांनी संयुक्त निवेदन काढून नाविक आणि विमान कर्मचारी यांना लसीकरणात प्राधान्य द्यावे असे सर्व सरकारांना सुचवले, त्यामागेही हीच भूमिका होती. जो माणूस दर पंधरवड्याला नव्या देशाच्या बंदरात जातो, त्याला लस देणे हे त्याच्या एकट्याच्या भल्यापुरते राहत नाही. त्या प्रत्येक बंदरातील हमाल, वाटाडे आणि तपासनीस यांचेही त्यात संरक्षण असते.

प्रत्यक्षात अडचणी किती बारीक होत्या हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. १३ मे २०२१ रोजी कोव्हिशील्डच्या दोन मात्रांमधील अंतर वाढवून बारा ते सोळा आठवडे करण्यात आले. घरी बसलेल्या माणसाला याने विशेष फरक पडत नव्हता. पण तीन महिन्यांसाठी घरी आलेल्या नाविकाने आल्या-आल्या पहिली मात्रा घेतली तरी दुसरीसाठी ८४ दिवस थांबायचे, त्यानंतर संरक्षण पूर्ण होण्यासाठी दोन आठवडे धरायचे, म्हणजे ९८ दिवस झाले. तोवर कंपनीकडून बोलावणे येऊन गेलेले असते. न गेला तर करार हातचा जातो आणि गेला तर अर्ध्या लसीवर जातो. अर्ध्या लसीच्या माणसाला अनेक बंदरांत लस न घेतलेल्यांतच मोजले जात होते.

त्यातच एप्रिलअखेरीस सिंगापूरने भारतातून नुकत्याच आलेल्या नाविकांची अदलाबदल बंद केली. इतर काही बंदरांनीही तसेच केले. डेल्टा विषाणूच्या भीतीने भारतीय नाविकाच्या पासपोर्टकडेच संशयाने पाहिले जाऊ लागले. पिढ्यान्‌पिढ्या कमावलेली नोकरीची जागा दुसऱ्या देशांच्या नाविकांकडे जाईल की काय, ही धास्ती त्या उन्हाळ्यात हजारो घरांत होती. कर्जाचे हप्ते, आईवडिलांचे औषधपाणी, बहिणीचे लग्न या सर्वांचा हिशेब त्या दोन सुयांवर येऊन ठेपला होता.

या टप्प्यावर काही चांगली कामे झाली आणि त्यांची नोंद व्हायला हवी. मुंबईतील नौवहन महानिदेशालय, नाविकांच्या संघटना आणि जहाजमालकांच्या संस्था यांनी एकत्र येऊन नाविकांसाठी स्वतंत्र लसीकरणाची मागणी लावून धरली. मुंबई, कोचीन, चेन्नई, विशाखापट्टणम, कोलकाता आणि तुतिकोरीन या बंदरांत नाविकांना लस देण्याची सोय झाली. गोवा सरकारने जूनच्या आरंभी रिक्षाचालक, लहान मुलांच्या माता, दिव्यांग यांच्याबरोबर नाविकांनाही प्राधान्य गटात घेतले. ज्या राज्यात जवळपास प्रत्येक गावातले कोणी ना कोणी बोटीवर असते, त्या राज्याला हे आधी सुचले यात नवल नाही. ७ जून रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने परदेशी शिक्षणासाठी जाणारे विद्यार्थी, परदेशी नोकरीसाठी जाणारे आणि टोकियो ऑलिंपिकचे खेळाडू यांना दुसरी मात्रा २८ दिवसांनंतर घेण्याची मुभा दिली. तिचा लाभ परदेशी जहाजांवर जाणाऱ्या नाविकांनाही झाला. जूनअखेरीस कोविन प्रमाणपत्रावर पासपोर्ट क्रमांक जोडण्याची सोय झाली. वरवर पाहता ही किरकोळ कारकुनी बाब. पण परक्या बंदरातील अधिकाऱ्याला हातातले प्रमाणपत्र आणि समोरचा माणूस एकच आहेत हे पटवण्याचा तोच मार्ग होता.

एक अडचण मात्र रेंगाळली. ज्यांनी कोव्हॅक्सिन घेतली होती, त्यांची लस अनेक देश मान्य करीत नव्हते, कारण जागतिक आरोग्य संघटनेची आपत्कालीन मान्यता तिला ३ नोव्हेंबर २०२१ रोजी मिळाली. कोव्हिशील्डला ती फेब्रुवारीतच मिळालेली होती. केंद्रावर जी लस उपलब्ध असेल ती निमूटपणे घेणे हे त्या वेळी प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य मानले जात होते. तेच कर्तव्य बजावलेल्या नाविकाला नोकरीसाठी महिनोन्‌महिने वाट पाहावी लागली. दोष लसीचा नव्हता आणि नाविकाचाही नव्हता. एका देशाची नोंद दुसऱ्या देशाने वाचावी कशी, याची व्यवस्था आधीपासून असायला हवी होती, ती नव्हती.

जे समुद्रावर होते त्यांचे काय? अमेरिकेतील अनेक बंदरांनी २०२१ च्या वसंतापासून परदेशी नाविकांना जहाजावर जाऊन किंवा किनाऱ्यावरील सेवाकेंद्रांत आणून लस देण्यास सुरुवात केली. नेदरलँड्स आणि बेल्जियम यांनी उन्हाळ्यात तसेच केले. कोणत्या देशाचा नागरिक हे तेथे पाहिले गेले नाही. पण दोन मात्रांची लस येथेही अडचणीची ठरली. पहिली मात्रा ह्यूस्टनला घेतली, तर चार आठवड्यांनी जहाज ब्राझीलला असेल की सिंगापूरला, हे कोण सांगणार? आणि तेथे तीच लस मिळेल याची खात्री काय? म्हणून एका मात्रेची जॅन्सेन लस नाविकांसाठी विशेष सोयीची ठरली. जहाजावर लस देताना आणखी एक काळजी घ्यावी लागे. लसीनंतर ताप येतो. सगळ्यांना एकाच दिवशी लस दिली आणि सगळेच अंथरुणावर पडले, तर पुलावर आणि इंजिनघरात पाळी कोण करणार? त्यामुळे तुकड्या पाडून लस देण्याचा सल्ला दिला गेला. जहाजकंपन्यांनी मिळून ठेवलेल्या मासिक नोंदीप्रमाणे ऑगस्ट २०२१ मध्ये पूर्ण लसीकरण झालेल्या नाविकांचे प्रमाण सुमारे १५ टक्के होते. डिसेंबरपर्यंत ते निम्म्याच्या जवळ गेले. चार-पाच महिन्यांतील ही वाढ कोणा एका सरकारची नाही. बंदरे, संघटना, कंपन्या, पाद्री आणि सेवाकेंद्रांतील स्वयंसेवक यांनी हाताने ओढून आणलेली ती वाढ आहे.

या साऱ्या प्रसंगाला इतिहासाची एक पार्श्वभूमी आहे आणि ती शाळेत शिकवण्याजोगी आहे. भारतात पहिली लस आली ती समुद्रानेच. देवीवरील लस व्हिएन्नाहून कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा असा प्रवास करीत जहाजाने मुंबईला पोहोचली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचण्यात आली. तिच्या दंडावर उठलेल्या फोडातील लस पुढच्या मुलांना दिली गेली आणि तिथून ती पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास अशी पसरली. त्या काळी शीतपेटी नव्हती. माणसाचा दंड हीच लसीची पेटी होती.

पुढच्याच वर्षी, ३० नोव्हेंबर १८०३ रोजी, स्पेनमधील ला कोरुन्या बंदरातून ‘मारिया पिता’ नावाचे जहाज निघाले. डॉक्टर बाल्मिस यांच्या या मोहिमेत २२ अनाथ मुले होती. लस अमेरिकेपर्यंत जिवंत राहावी म्हणून दर नऊ-दहा दिवसांनी दोन-दोन मुलांना ती टोचली जाई. त्या मुलांना सांभाळायला अनाथालयाची प्रमुख इसाबेल सेंदाल बरोबर गेली होती. लहान मुलांच्या दंडांवर महासागर ओलांडणारी ती लस आणि रात्री त्या मुलांना झोपवणारी ती बाई. ज्या मुलांनी दुसऱ्या खंडाला देवीपासून वाचवले त्यांना विचारले कोणी नव्हते, हेही विसरता कामा नये. सार्वजनिक आरोग्याच्या मोठ्या कामांत कोणाच्या तरी दंडाची उधारी असते. ती फेडण्याचे स्मरण समाजाने ठेवावे लागते.

रोगही समुद्रानेच आले. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या गोदीलगतच्या मांडवी भागात प्लेगचे निदान मूळचे गोमंतकीय डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी केले. त्यानंतर चारच महिन्यांत, १० जानेवारी १८९७ रोजी, वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्याच कामातून उभी राहिली. १९१८ च्या जूनमध्ये इन्फ्लुएन्झाची साथ मुंबईत प्रथम दिसली ती पोलीस शिपायांमध्ये, आणि त्यांतील एक गोदीवर पहारा करणारा होता. नंतर ती साथ आगगाड्यांतून देशभर गेली आणि तिने एक कोटीहून अधिक बळी घेतले. गोदीच्या दारात उभ्या असलेल्या माणसाची प्रकृती ही सबंध देशाची बाब असते, हे शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध झाले होते.

आणि यावर उपाय कसा करावा हेही नाविकांच्या जगाला ठाऊक होते. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेच्या काही भागांत जाणारा प्रत्येक नाविक पीतज्वराची लस घेतो. मुंबईच्या बंदर आरोग्य संघटनेसारख्या ठरावीक केंद्रांवरच ती मिळते. टोचल्यानंतर दहा दिवसांनी तिचे प्रमाणपत्र ग्राह्य होते आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालते. पिवळ्या रंगाचे ते छोटे पुस्तक जगातल्या कोणत्याही बंदरात वाचले जाते. पीतज्वर भारतात नाही, पण तो पसरवणारा डास आहे, म्हणून हे पुस्तक नसलेल्या प्रवाशाला येथे सहा दिवस वेगळे ठेवता येते. कठोर नियम आहे, पण सर्वांना समान आणि आधीपासून माहीत असलेला आहे. कोविडच्या पहिल्या वर्षात नेमके हेच नव्हते. उद्या नवी साथ आली तर नाविकांसाठी बंदरातच लसीची व्यवस्था, कोणत्याही देशाच्या नागरिकाला ती घेण्याची मुभा आणि सर्व देशांना वाचता येईल अशी एकच नोंद, या तीन गोष्टी पहिल्या दिवसापासून हव्यात.

आता शाळेकडे वळता येईल. वर्गात रोज सकाळी हजेरी घेतली जाते. जो मुलगा आलेला नाही त्याचेही नाव पुकारले जाते आणि त्याच्या नावापुढे खूण केली जाते. चार दिवस सतत ती खूण दिसली की चौकशी होते, कोणी तरी घरी जाऊन येते. पटावर नाव असते म्हणूनच गैरहजेरी कळते. २०२१ च्या जानेवारीत देशाने एक पट तयार केला तेव्हा समुद्रावरची माणसे त्यावर नव्हती. ती जाणीवपूर्वक गाळली गेली असे म्हणता येणार नाही, ती कोणाला आठवलीच नाहीत. त्यांच्याबरोबर इतरही अनेक असेच विसरले गेले. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे, वीटभट्टीवरचे मजूर, महामार्गावरचे ट्रकचालक. ज्याला कायमचा मुक्काम नाही, त्याला व्यवस्था सहज विसरते. साठ वर्षे हजेरीपट ठेवणाऱ्या संस्थेने समाजाला काही द्यायचे असेल, तर ती पटावरच्या सर्व नावांची आठवण ठेवण्याची सवय.

या सभागृहातील पालकांसाठी काही व्यावहारिक सूचना. मुलाने किंवा मुलीने मर्चंट नेव्हीत जायची इच्छा दाखवली तर भीतीने नाकारू नका आणि जाहिरातीने भुलूही नका. संस्था नौवहन महानिदेशालयाच्या मान्यताप्राप्त यादीत आहे की नाही, हे प्रवेशशुल्क भरण्यापूर्वीच तपासा. नोकरी लावून देणारी कंपनीही त्याच कार्यालयाकडे नोंदलेली असावी. लहानपणापासूनच्या लसींची नोंद जपून ठेवा. आज पुडीत बांधून ठेवलेला तो कागद उद्या परक्या बंदरात उपयोगी पडेल. आणि घरातील कोणी समुद्रावर असेल तर शेजाऱ्यांना, डॉक्टरांना आणि नगरसेवकाला त्याची माहिती असू द्या. पुन्हा कधी रांग लागली तर त्याचे नाव कोणी तरी सांगायला हवे.

माजी विद्यार्थ्यांपैकी काही प्रशासनात आहेत, काही वैद्यकीय क्षेत्रात, काही माहिती तंत्रज्ञानात. पुढील आपत्तीत याद्या तयार करण्याचे काम तुमच्यापैकी कोणाच्या तरी टेबलावर येईल. तेव्हा यादी मंजूर करण्यापूर्वी एकदा थांबून विचारावे की, आज येथे हजर नसलेले, पण आपल्या पटावरचे असे कोण कोण आहेत. आणि त्यांची नावे त्याच दिवशी लिहून काढावीत.

दरवर्षी २५ जूनला जगभर नाविक दिन असतो. शाळेच्या दिनदर्शिकेत त्या दिवसाची नोंद व्हावी, नकाशावर मुलांनी ‘जग आनंद’चा मार्ग शोधावा आणि घरातील तेलाचा डबा, डाळ, औषधाची बाटली कोणत्या बंदरातून आली याचा एक तक्ता तयार करावा, अशी सूचना या निमित्ताने मांडून हे भाषण येथे संपते.